हळूकाकांच्या घरातला वारा

त्या घरात वाऱ्यालासुद्धा विचारून आत यावं लागायचं. हे वाक्य काकूंचं. पाहुणा आला, की त्याला पाण्याचा पेला देताना त्या हमखास ते म्हणायच्या, पाहुणा हसायचा, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात यायचं की बाई थट्टा करत नाहीये. कारण आतून हळूकाकांचा आवाज यायचा, "पापुद्रा!" आणि काकू बोलता बोलता उठायच्या, पंखा बंद करायच्या, खिडकी लावायच्या, दाराला कडी घालायच्या आणि भिंतीला टेकून गप्प बसायच्या. पाहुण्यानेही तसंच बसायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही, शिंक आली तर गिळायची. काकूंचा सख्खा भाऊ एकदा दाराबाहेर कितीतरी वेळ ताटकळत उभा होता. तो बाहेर आहे हे आतल्यांना ठाऊक, आणि आपण बाहेर आहोत हे त्यांना ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक, पण दार उघडायची सोय नव्हती. त्यानंतर तो आला की आधी रस्त्यावरूनच ओरडायचा, "आज चहा आहे की पापुद्रा?"

हळूकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. शाळाशाळांतली मुलं मोडकी विमानं घेऊन त्यांच्याकडे यायची, आणि उंबऱ्यात पाऊल पडायच्या आत त्यांच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो 'हळू'. खोकं ठेव, हळू. झाकण काढ, हळू. श्वास सोड, पण तोंड तिकडे करून, हळू. खरं नाव कोणी विचारलं नाही, आणि पुढे पुढे खालचा दूधवालासुद्धा याच नावाने हाक मारायला लागला.

त्यांचा मूळ धंदा चष्म्यांचा. म्हणजे दुकान दुसऱ्याचं. काका मागच्या खोलीत बसून काड्या सरळ करायचे, नाकाच्या गाद्या बदलायचे, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवायचे. एकदा एक मास्तर चष्मा दुरुस्तीला घेऊन आले आणि काखेत एक पुठ्ठ्याचं खोकंही घेऊन आले. खोक्यात विमान होतं. त्याच्या नाकावरच्या फिरत्या पंख्याची तार वाकली होती, ती सरळ करून मिळेल का, एवढंच मास्तरांना विचारायचं होतं. काकांनी तार सरळ केली. मास्तरांनी विमानाच्या रबराला थोडा पीळ दिला आणि दुकानातच सोडलं. ते काउंटरवरून उठलं, आरशांसमोरून सावकाश एक फेरी मारून आलं, आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर येऊन टेकलं. त्या दिवशी काका घरी आले ते जेवताना हातवारे करत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा एवढा बोलताना पाहिला, असं काकू सांगायच्या.

हे विमान म्हणजे मुलं वहीचं पान फाडून करतात ते नव्हे, आणि रिमोटवर भुणभुण करत उडतं तेही नव्हे. हे बंद हॉलमध्ये उडवायचं विमान. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या काड्या, त्याही पेन्सिलीच्या शिशाएवढ्या जाड, त्यांचा सांगाडा आणि त्यावर एक पातळ आवरण. पोटाखाली रबराची एक लांब पट्टी. तिला पीळ भरायचा आणि विमान सोडायचं, की पीळ उलगडत पुढचा पंखा फिरतो. सगळ्या विमानाचं वजन वहीच्या एका पानाएवढं, म्हणून ते उडतही माणसाच्या चालीपेक्षा सावकाश. गोल गोल फिरत छतापर्यंत जायचं आणि पीळ संपला की तसंच फिरत खाली यायचं. ज्याचं जास्त वेळ हवेत, तो जिंकला. हॉलचं दार कोणी उघडलं तरी ते भरकटणार, जवळून कोणी पळत गेलं तरी उलटणार. शाळांच्या स्पर्धांचा नियम असा, की विमान मुलांनी स्वतः बनवायचं. मोडलेलं दुसऱ्याकडून जोडून घेता येतं, पण नवं बनवून घेता येत नाही. म्हणून काका तुटलेली प्रत्येक काडी चिमट्याने उचलून पुन्हा तिच्याच जागी बसवायचे, आणि डिंक टाचणीच्या टोकाने लावायचे, कारण एक थेंब जास्त पडला की विमान जड होतं.

पण काड्या जोडणं हे सोपं काम. खरा कस लागायचा पंखावरचं आवरण फाटलं की. मुलं त्याला फिल्म म्हणायची, काका पापुद्रा म्हणायचे. कांद्याच्या दोन पाकळ्यांच्या मधे असतो ना, तसा, पण त्याच्याहूनही पातळ. एका मोठ्या चौकटीवर तो सैलसर पसरायचा, पंखाच्या काड्यांना पातळ डिंक लावायचा आणि पंख वरून अलगद त्यावर टेकवायचा. तो टेकेपर्यंत हवा हलता कामा नये. नाहीतर पापुद्रा स्वतःभोवतीच गुंडाळला जातो आणि मग तो जगातल्या कुठल्याही शहाण्याला सुटत नाही. काकांनी या एका गोष्टीपुढे हात टेकले होते, आणि म्हणूनच घरात ही सगळी शिस्त होती.

त्या पापुद्र्याकडे बघत बसून बसून काकांना एक विद्या आली होती. तो थरथरला, की ते मान वर न करता सांगायचे, "खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली." त्यांची लेक लहान होती तेव्हा दबक्या पावलांनी जिना उतरून बघून यायची, आणि खिडकी खरोखरच उघडी असायची. "जिन्यातून कोणीतरी वर येतंय. जाड माणूस आहे." तोही यायचा, जाडच असायचा. लेक शाळेत सांगत सुटायची की माझ्या बाबांना भिंतीपलीकडचं दिसतं.

काकू गाद्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होत्या. तिथे दिवसभर कापूस उडायचा. पापण्यांवर, केसांत, डब्यातल्या जेवणातही. घरी आल्या की आधी खिडकीशी उभ्या राहून पदर झटकायच्या आणि मोठा श्वास घ्यायच्या, आणि तेवढ्यात आतून हाक यायची, "पापुद्रा." मग खिडकी बंद. घामाने ओल्याचिंब होऊन त्या बंद खोलीत बसून राहायच्या, त्यात डिंकाचा तो उग्र वास. बोलका जीव, पण त्या वेळात तोंडाला कुलूप. मात्र काम जमलं, की काका पंख उजेडात धरायचे आणि आधी त्यांच्याकडे बघायचे. काकू मान डोलवायच्या. मगच पंखा सुरू व्हायचा. असा संसार झाला आणि तो वाईट झाला असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नसतं. काकूंना नवऱ्याच्या कामाचा अभिमान होता. आता वाटतं, जरा कमी असता तर बरं झालं असतं.

छातीचं दुखणं हळूहळू आलं. आधी जिना चढताना थांबायच्या, मग बोलताना थांबायला लागल्या. बोलताना थांबल्या तेव्हा मात्र काका घाबरले. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो पाहिले आणि म्हणाले, कापूस. लेक म्हणाली, "कापूसच कशावरून? त्या डिंकाच्या वासात आई जन्मभर कोंडून बसली, ते कुठे गेलं?" डॉक्टर म्हणाले, आता ते वेगळं करून सांगता येणार नाही. 

औषधं दिली, तोंडात मारायचा पंप दिला, आणि एक गोष्ट बजावून सांगितली. खिडकी उघडी ठेवायची आणि पंखा तोंडासमोर. गेलेलं फुप्फुस पंख्याने परत येत नाही, पण तोंडावर वारा लागत राहिला की जीव घुसमटत नाही, माणूस घाबरत नाही, आणि घाबरलं नाही की श्वास टिकतो. जागेवरून फार उठायचं नाही. उठलंच तर हळू.

"हळू शिकवायला नको यांच्या घरात," काकू म्हणाल्या.

लेक दुसऱ्याच दिवशी निळ्या रंगाचा टेबलपंखा घेऊन आली. पलंगाच्या उशाशी स्टूल ठेवून त्यावर तो मांडला, बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा बंद करायचा नाही. कोणाच्या बापासाठी बंद करायचा नाही." मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं. काकूंना हसू आलं, हसण्याचा ठसका लागला, आणि काकाही हसले. त्या घरात तिघं मिळून हसले ते बहुतेक शेवटचं.

काकांनी काम बंद केलं. शाळांना निरोप दिले. दुकान त्याआधीच बंद पडलं होतं, त्यामुळे आता दिवसभर करायला काही नव्हतं. घरात वारा खेळायला लागला. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडायची, टेबलावरचं काही जागेवर राहायचं नाही. काका काकूंना वाफ द्यायचे, पाठीला उशी लावायचे, भाजी चिरायचे, आणि मग खुर्चीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहायचे. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण बायकोला काय नवऱ्याच्या तोंडाने सांगावं लागतं?

"बाथरूम आहे की," काकू एक दिवस म्हणाल्या.

"बाथरूमचं काय?"

"तिथे बसा. झरोक्यात कापड कोंबा, दाराखाली ओला टॉवेल लावा. तुमचा पापुद्रा आत, माझा पंखा बाहेर. माझ्यासमोर बसून राहता, ते बघूनच मला धाप लागते."

काका नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, आणि आठवडा संपायच्या आत बादलीवर फळी टाकून बाथरूममध्ये बसले. जाताना काकूंच्या हाताशी एक घंटा ठेवली. चष्म्याच्या दुकानाच्या दारावरची पितळी घंटा ती. दुकान मोडलं तेव्हा आठवण म्हणून मालकाने दिली होती. "काहीही वाटलं तरी वाजव," ते म्हणाले. "पापुद्रा फाटला तर फाटला."

"वाजवीन हो."

आणि पहिले काही दिवस त्यांनी ती मनसोक्त वाजवली. काका चिमटा टाकून धावत बाहेर यायचे, तर काकू विचारायच्या, "किती वाजले?" किंवा, "बुडालात की काय, म्हटलं बघावं." काका चिडायचे, काकू पंख्याच्या वाऱ्यात केस उडवत हसायच्या. मग घंटा कमी वाजायला लागली. मग दिवसातून एखादी वेळ. मग नाहीच. काकांना वाटलं, हिला आता बरं वाटतंय. त्या घरात शांतता असली की सगळं नीट चाललंय असं समजायची सवयच होती. खरं म्हणजे काकूंना ती घंटा उचलायचंही जड जात होतं.

स्पर्धा उद्यावर आलेली. दुपार उतरणीला लागली होती, तेव्हा एका शाळेच्या संघाची मुलगी दारात आली. खोकं दोन्ही हातांवर धरलेलं, डोळे रडून सुजलेले. त्या खोक्यावर वर्गातला एक मुलगा बसला होता. चुकून बसला, बाक समजून. मुख्य पंखाचा चुरा झाला होता.

"काका, वर्षभर बनवत होते."

काकांनी झाकण काढलं. काड्या होत्या, सगळ्या होत्या, पण पापुद्रा पार गेला होता. आणि हा पंख नेहमीच्या पंखांपेक्षा लांब होता. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. काकूंची ती दुपार बरी नव्हती. बोटांची नखं काळसर दिसत होती, खांदे प्रत्येक श्वासाला वर येत होते.

"आज नको," काका मुलीला म्हणाले. "आज काकूंना बरं नाही."

मुलगी खोकं उचलायला वाकली.

"ठेव ते," काकू म्हणाल्या. एवढं बोलायलाही त्यांना मधे थांबावं लागलं. "सकाळी... घेऊन जा. जा घरी."

"अगं, पण..."

"अहो, तुमच्या हातात काही असलं की... मला बरं वाटतं."

हे खरं होतं की नाही, देव जाणे. मुलगी गेली. काकांनी पंखा तोंडासमोर सरळ केला, खिडकी सताड उघडली, घंटा हाताशी सरकवली, दोनदा बजावलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

काड्या जोडायला वेळ लागला, पण जुळल्या. अधूनमधून काका दाराआडून विचारायचे, "आहेस ना?" आणि बाहेरून "हं" यायचं. मग पापुद्र्याची वेळ आली. त्यांनी चौकट फळीवर ठेवली, पापुद्रा पसरला आणि पाहिलं, तर तो मधोमध थरथरत होता. पंख मोठा म्हणून पापुद्रा मोठा, आणि मोठा म्हणून फार सैल. टॉवेल पुन्हा ओला करून दाबला. थरथर थांबेना. बाहेर खिडकी उघडी, पंखा चालू, कुठूनतरी वारा सापडतोच. काका सवयीने बोलून गेले, मोठ्याने नाही, स्वतःशीच, पण भिंत पातळ होती, "थरथरतोय. नाही व्हायचं हे."

मग ते नुसतेच बसून राहिले. पंख हातात धरून, वारा कधीतरी पडेल म्हणून.

आणि थोड्या वेळाने थरथर निम्मी झाली. मग मधे काही वेळ तशीच राहिली. मग उरलेली निम्मीही गेली. पापुद्रा पाण्यासारखा स्वच्छ, निश्चल पसरला.

काकांनी पंख टेकवला. एका दमात, कडेपर्यंत, एकही सुरकुती न पडता. एवढा चांगला पंख त्यांच्या हातून आयुष्यात उतरला नव्हता. त्यांनी तापलेल्या तारेने कडा कापल्या, पंख बोटांवर तोलून धरला आणि तो दाखवायला, पायाने टॉवेल सारून, बाहेर आले.

खोलीत हवा नव्हती. खिडकी लावलेली होती. पंखा बंद होता, त्याची पाती थिजल्यासारखी. काकू पलंगाच्या कडेवर पुढे वाकून बसल्या होत्या, ओठ निळे, डोळे उघडे, आणि मांडीवर घंटा. घंटेत त्यांची बोटं होती. आतला लोलक त्यांनी घट्ट धरून ठेवला होता, हात थरथरून ती चुकूनही वाजू नये म्हणून.

पुढचं भराभरा झालं. शेजारचे धावले, अँब्युलन्स आली. तो पंख कोणी कुठे ठेवला हे काकांना आठवत नाही, पण तो मोडला नाही, आणि सकाळी शेजाऱ्यांनी तो मुलीच्या हाती दिला, हे खरं. इस्पितळात काकूंच्या तोंडावर मास्क लावला. काका पलंगाशी उभे राहिले. काकूंनी मास्कच्या आतून काहीतरी विचारलं. काकांनी कान जवळ नेला.

"जमलं का?"

"जमलं," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "का गं? वाजवली का नाहीस?"

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की इतकी वर्षं संसार करून हे विचारावं लागतं का. मग डोळे मिटले. त्या चार दिवसांनी गेल्या. मधे एकदोनदा शुद्धीवर होत्या, पण बोलल्या नाहीत.

लेक काही दिवस बापाजवळ राहिली. घर आवरलं, आईचे कपडे बांधले, औषधं फेकून दिली. बापाशी गरजेपुरतं बोलायची. एका संध्याकाळी दोघं जेवायला बसले, आणि तिने ताटाकडे बघतच विचारलं, "पंखा कोणी बंद केला?"

"तिनेच केला."

"आणि खिडकी?"

"तीही तिनेच लावली."

"म्हणजे उठली. पलंगावरून खिडकीपर्यंत गेली. तिथून परत आली, आणि मग पंखा बंद केला."

"हो."

"आणि तुम्ही आत."

"हो. दार लावलेलं होतं. मला दिसत..."

"बाबा," ती म्हणाली, आणि आता तिने वर पाहिलं. "खालच्या बाईंनी खिडकी उघडली की तुम्हाला इथे कळायचं. जिन्यातून जाड माणूस येतोय की बारीक, हे तुम्हाला कळायचं. मी शाळेत सांगायचे सगळ्यांना."

काकांनी घास खाली ठेवला.

"तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"

उत्तर होतं. आधी निम्मी थरथर गेली होती ती खिडकी. मधला वेळ म्हणजे काकू भिंत धरून, एकेक पाऊल टाकत पलंगाकडे परत येत होत्या. उरलेली गेली तो पंखा. बायकोची त्या खोलीतली शेवटची चाल काकांच्या डोळ्यांसमोर, त्या पापुद्र्यावर, अक्षरासारखी उमटली होती. वाचणारा दुसरा कोणी असता आणि त्याला कळलं नसतं, तर गोष्ट वेगळी. ते वाचत होते की नव्हते? हात पंख टेकवायला पुढे झाला, तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी म्हणालं होतं की हा वारा आपोआप पडलेला नाही. आणि त्या कोपऱ्याला त्यांनी म्हटलं होतं, थांब, एवढं होऊ दे.

"कळलं असेल," ते म्हणाले.

लेक उठली, ताट मोरीत ठेवलं, आणि बराच वेळ नळ सोडून तिथेच उभी राहिली. तिने पुढे कधी तो विषय काढला नाही, आणि माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. दोन दिवसांनी ती आपल्या घरी गेली. निघताना तिने बघितलं, तर पलंगाच्या उशाशी निळा पंखा चालूच होता, रिकाम्या उशीवर वारा घालत. तिने जाऊन बटण बंद केलं. काकांनी उठून पुन्हा चालू केलं. ती रविवारी येते म्हणाली आणि गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती मुलगी आली. तिला निकाल लागल्या दिवशीच यायचं होतं, पण घरच्यांनी, काकूंचं असं झालंय, आता जाऊ नको, म्हणून थांबवलं होतं. विमान पहिलं आलं होतं. छताच्या पत्र्याला जवळजवळ लागून आलं, ती सांगत होती, आणि सांगतानाच आवाज लहान होत गेला, कारण काकांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"दार कोणी धरलं होतं?" त्यांनी एवढंच विचारलं. हॉलच्या दाराला पाठ लावून उभं राहायचं काम दर वर्षी त्यांचं असायचं.

"सरांनी."

"बरं."

आता पुढच्या फेरीसाठी दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि सरावात विमान खांबाला धडकून तोच पंख पुन्हा फाटला होता. मुलीने खोकं खाली ठेवलं. हळू. काकांनी झाकण काढून पंख पाहिला. मग म्हणाले, "बस."

ते बाथरूमकडे गेले नाहीत. टेबल पलंगाजवळ ओढलं, चौकट ठेवली आणि पापुद्रा उलगडला. उशाशी पंखा चालू होता, खिडकी उघडी होती. पापुद्रा चौकटीवर टेकायच्या आतच फुगला, उडाला आणि गुंडाळला गेला. काकांनी तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. तोही गेला. तिसरा घेतला, आणि या वेळी अंगाचा आडोसा करून, वाकून, तो पसरायला बघितला. पाठीवरून वारा आलाच. काकांच्या कपाळावर घाम आला होता, हात मात्र थरथरत नव्हते. चौथ्याला मुलीला बघवेना. ती उठली आणि पंख्याच्या बटणाशी जाऊन उभी राहिली.

"काका, हा बंद करू का? थोडाच वेळ."

काकांनी मान वर केली नाही. पाचवा पापुद्रा चिमट्यात धरून त्याची कड शोधत ते म्हणाले,

"नको गं. काकूंना लागतो."

मुलीने बटणावरचा हात काढून घेतला आणि ती परत जागेवर येऊन बसली.